बदली साडेतीन महिन्यांवर आली, लेकाच्या शाळेचं काय?

एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा आठ वर्षांचा, ऑटिझमचं निदान तिसऱ्या वर्षी झालेलं. तोंडाने पाच-सहा शब्द येतात, बाकी सगळं तो टॅबलेटवरची चित्रं दाबून सांगतो. सकाळी विशेष शाळा, आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी, एकदा ऑक्युपेशनल थेरपी आणि दुपारी घरी येणाऱ्या मदतनीस मावशी, ज्या तीन वर्षं त्याच्याबरोबर आहेत. साडेतीन महिन्यांत नवऱ्याची बदली अनोळखी शहरात होते आहे, तीही शाळेचं वर्ष अर्ध्यावर असताना. आईने इंटरनेटवरून १४ सेंटरांची यादी काढली आहे. त्यातलं एक सेंटर आठवड्याला ४० तास थेरपी आणि सहा महिन्यांत बोलणं, अशी हमी देतं. नवरा म्हणतो, आधी ऑफिसजवळ घर घेऊ, बाकीचं तिथे गेल्यावर बघू. नातेवाईक म्हणतात, नव्या ठिकाणी कुणाला काही सांगू नका, साध्या शाळेत घाला. आईचे प्रश्न तीन: सगळ्यात चांगली शाळा ओळखायची कशी? नवऱ्याने पुढे जावं आणि मायलेकांनी वर्ष संपल्यावर, हे बरं का? आणि मावशी येणार नाहीत हे लेकाला सांगायचं कसं? पत्राच्या शेवटी एक वाक्य आहे: "तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाईल अशी भीती वाटते."

ताई,

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण बाकीची उत्तरं त्याच्यावरच टेकलेली आहेत. तुमचा मुलगा जे शिकला ते त्याच्याबरोबर येईल, पण एक अडचण आहे. ऑटिझम असलेल्या मुलांना एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे वापरणं अनेकदा जड जातं. शिक्षिकेने विचारलं तर चित्र दाबतो, काकाने तेच विचारलं तर नुसता बघत राहतो. एका खोलीत, एकाच माणसासमोर जमणारी गोष्ट अजून अर्धीच शिकून झालेली असते. बदली झाली की तो राहिलेला अर्धा भाग उघडा पडतो, आणि आपण म्हणतो मूल मागे गेलं.

म्हणून हे साडेतीन महिने नवीन काही शिकवण्यात घालवू नका. आज येतात त्यांतली रोजची पाच-सहा कामं निवडा आणि ती तीन ठिकाणी, तीन वेगवेगळ्या माणसांबरोबर करून घ्या. साधा नळ घ्या. तुमच्याकडचा नळ फिरवायचा असेल आणि नव्या घरातला दांडी वर उचलून उघडायचा, तर "हात धू" हे कळूनही तो बेसिनपाशी थबकेल. नवी मदतनीस वहीत लिहील, "सूचना पाळत नाही." खोट फक्त नळात असते.

आता कागद. शहर सोडण्याच्या सहा आठवडे आधी चालू शाळेकडून आणि थेरपिस्टकडून रिपोर्ट मागा. शेवटच्या आठवड्यात मागितलेल्या रिपोर्टमध्ये "प्रगती समाधानकारक" एवढंच येतं आणि ते कुणाच्याच उपयोगाचं नसतं. त्यात चार गोष्टी हव्यात: सध्या कोणती उद्दिष्टं चालू आहेत, प्रत्येकाला किती मदत लागते, म्हणजे हात धरून, खुणेने, तोंडी सांगून की आपणहून, काय करून पाहिलं आणि का सोडलं, आणि शेवटच्या चाचणीचं नाव, तारीख, गुण. तिसरा मुद्दा सहसा कुणी लिहीत नाही. तो आग्रहाने लिहून घ्या, नाहीतर नवी थेरपिस्ट तीन महिने तीच फसलेली वाट पुन्हा चालेल. निदानाचा मूळ रिपोर्टही हाताशी ठेवा. ज्या वाचकांची मुलं मोठी आहेत त्यांच्यासाठी: निदान २०१३ च्या आधीचं असेल तर त्यावर "अ‍ॅस्पर्जर" किंवा "पीडीडी-एनओएस" लिहिलेलं असू शकतं. त्या वर्षी आलेल्या डीएसएम-५ ने, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीने, ही नावं "ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर"मध्ये सामावून घेतली. जुनं नाव बघून खिडकीवरून फाइल परत यायला नको, म्हणून डॉक्टरांकडून नव्या नावाचं पत्र घेऊन ठेवा.

या जाड फाइलच्या वर तुमच्या हातचं एक पान हवं, कारण पहिल्या दिवशी तेवढंच वाचलं जातं. त्यात विशेषणं नकोत, दिसेल ते लिहा. "चिडका आहे" याने कुणाला काही कळत नाही. त्याऐवजी: "दोन्ही कान झाकून गुणगुणायला लागला म्हणजे आवाज सहन होत नाहीये. तीन-चार मिनिटांत बाहेर न्या. हात धरू नका, पुढे चाला, मागे येतो. त्या वेळी प्रश्न विचारू नका. शांत झाल्यावर पाणी मागेल." जोडीला मिनिट-दीड मिनिटाचे पाच व्हिडिओ: टॅबलेटवर मागताना, जेवताना, खेळताना, बिनसायला लागताना आणि शांत होताना. चौथा सगळ्यात मोलाचा. बिनसल्यावर काय होतं ते कुणालाही दिसतं. त्याच्या आधीची खूण तुम्हालाच माहीत आहे. हे व्हिडिओ मोजक्या माणसांना, समोर बसून दाखवा. ग्रुपवर टाकू नका.

टॅबलेटची एक वेगळी धास्ती आहे. तो तुमचा आहे की शाळेचा, हे आजच विचारा. शाळेचा असेल तर निघताना परत द्यावा लागेल आणि मुलाची भाषाच मागे राहील. तुमचा असला तरी अ‍ॅपमधली त्याची शब्दांची फाइल दोन ठिकाणी उतरवून घ्या आणि अ‍ॅपचं खातं कुणाच्या ईमेलवर आहे ते तपासा. नवी थेरपिस्ट चित्रांची मांडणी बदलू म्हणाली तर सध्या नको म्हणा. तो चित्र शोधत नाही, त्याचं बोट सवयीने तिथे जातं. मांडणी बदलली की अख्खी भाषा हुडकावी लागते. रोजच्या ३०-४० शब्दांचा एक तक्ता कागदावर छापून लॅमिनेट करा. प्रवासात बॅटरी संपते तेव्हाच त्याला सगळ्यात जास्त बोलायचं असतं. तुमच्यासारख्या इतर घरांत पेक्सची, म्हणजे चित्राचं कार्ड हातात देऊन मागायला शिकवणाऱ्या पद्धतीची, वही असेल तर सहापैकी कितव्या टप्प्यावर मूल आहे ते फाइलमध्ये नोंदवा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

शाळेकडे येऊ. १४ नावांची यादी फोनवर एका दिवसात चारवर येते. पहिला प्रश्न: आठ वर्षांच्या मुलाला घेता का आणि कितव्या वर्षापर्यंत ठेवता? बरीच सेंटरं सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी असतात, जाहिरातीत ते बारीक अक्षरात असतं. मग विचारा: जागा आहे का, नसेल तर वेटिंग लिस्टमध्ये कितवा नंबर आणि ती साधारण कधी हलते, निदानाचा रिपोर्ट किती जुना चालतो, वर्ग चालू असताना आईवडिलांना बसून बघता येतं का. याद्या बहुधा शाळेचं वर्ष बदलताना हलतात, म्हणून एकाच ठिकाणी आस लावून न बसता तीन-चार ठिकाणी नाव घाला. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, मुलांचे डॉक्टर आणि घरची मदत, प्रत्येकाची रांग वेगळी आहे, त्यांची नावनोंदणीही याच आठवड्यात करा. त्या शहरातल्या पालकांच्या गटात "चांगली शाळा कोणती" विचारलं तर प्रत्येक जण आपली सांगतो. "तुम्ही कुठून मुलाला काढलंत आणि का?" असं विचारा.

आणि "सगळ्यात चांगली" हा शब्द थोडा बाजूला ठेवा. फक्त ऑटिझमच्या मुलांची शाळा, सर्व प्रकारच्या विशेष मुलांची शाळा, साध्या शाळेत मदतनीस शिक्षिकेसह. यात सरसकट वरचं-खालचं काही नाही. तुमच्या मुलाची भाषा टॅबलेटवर आहे, म्हणून तिथे गेल्यावर आधी टॅबलेट आणि चित्रांच्या वह्या कुठे आहेत ते बघा. मुलांच्या गळ्यात, बाकावर, हाताच्या अंतरावर आहेत, की कपाटात, "टॅबलेटच्या तासाला" काढण्यासाठी? कपाटात असतील तर भिंतीवरच्या प्रमाणपत्रांना फारसा अर्थ नाही. निदान अर्धा तास बसा आणि एक तास संपून दुसरा सुरू होताना काय होतं ते बघा. अडचणी तिथेच होतात. पुढे काय ते मुलांना चित्राने कळतं, की दंडाला धरून उठवतात? स्वच्छतागृह बघा. घंटा किती कर्कश आहे ते ऐका. मग मुख्य शिक्षिकेला विचारा, "गेल्या महिन्यात कुणाचं खूप बिनसलं तेव्हा काय केलंत?" चांगल्या शाळेला लगेच एखादा प्रसंग आठवतो, त्यात स्वतःची चूकही असते. "आमच्याकडे असं होतच नाही" हे उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. मुलाला खोलीत एकटं बंद करतात का, धरून ठेवतात का, कोण ठरवतं आणि घरी त्याच दिवशी कळवतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. अवघडल्यासारखं होतं, तरी विचारा.

४० तासांच्या हमीबद्दल. हा आकडा १९८७ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ इवार लोव्हास यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासामुळे गाजला. त्यात आठवड्याला ४० तास उपचार मिळालेली मुलं होती १९, तीही चार वर्षांच्या आतली, आणि उपचार दोन वर्षं किंवा जास्त चालले. मुलं कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, आणि तेव्हाच्या पद्धतीत ओरडणं व मांडीवर चापट मारणंही होतं. त्या आकड्यावरून आठ वर्षांच्या मुलाला सहा महिन्यांत बोलतं करण्याची हमी निघत नाही. २०२४ मध्ये लहान मुलांवरचे १४४ अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा तास वाढवले की फायदा वाढतो असा ठाम संबंध सापडला नाही. आठवड्याला ४० तास म्हणजे मोठ्या माणसाची नोकरी झाली! तास किती हे नंतर; आधी विचारा की कोणत्या उद्दिष्टांसाठी, ती कोण ठरवतं आणि दोन महिन्यांत फरक दिसला नाही तर काय बदलता.

हमी देणाऱ्यांच्या दुकानात पुढे आणखी माल असतो, म्हणून तेही सांगून ठेवायला हवं. शरीरातले जड धातू काढण्याच्या नावाखाली चेलेशन करतात. २००५ साली अमेरिकेत या उपचारात पाच वर्षांचा एक मुलगा दगावला. टॅबलेट वापरणाऱ्या मुलांच्या घरांना आणखी एक सावधगिरी: मोठ्या माणसाने मुलाचा हात किंवा कोपर धरून अक्षरं दाबायची आणि ते मुलाचं बोलणं मानायचं, अशी एक पद्धत आहे. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने २०१८ मध्ये ती वापरू नये असं स्पष्ट सांगितलं, कारण त्यात बोलतं ते धरणारं माणूस. तुमचा मुलगा स्वतःच्या बोटाने दाबतो, ते बोट त्याचंच राहू द्या.

निदान लपवून साध्या शाळेत घालण्याबद्दल फार लिहायला नको. लपवलं तर मदत मागता येत नाही, आणि पहिल्याच प्रसंगाला "आम्हाला सांगितलं नव्हतं" म्हणून शाळेला हात वर करता येतात. टॅबलेटवर बोलणाऱ्या मुलाचं निदान तसंही दुपारपर्यंत लपत नाही. सगळ्या सोसायटीला सगळं सांगायची गरज नाही, हे मात्र खरं.

घराबद्दल तुमच्या यजमानांच्या म्हणण्यात निम्मं तथ्य आहे. काही शाळा पत्त्याच्या पुराव्याशिवाय अर्जच घेत नाहीत, ते फोनवरच विचारून घ्या. पण घर ऑफिसजवळ की शाळेजवळ, यात शाळेजवळ. मोठा माणूस तासभर प्रवास सहन करतो. गोंगाट न सोसणारं मूल रोज दोनदा पाऊण तास बसमध्ये बसलं की शाळेत पोचेपर्यंत थकून जातं, आणि शाळा म्हणते लक्ष देत नाही. आधी तात्पुरतं घर आणि मग पक्कं, हा विचार इतरांसाठी शहाणपणाचा असेल, तुमच्याकडे त्याचा अर्थ दोन बदल्या.

घर बघताना पाणी शोधा. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ऑटिझम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांनी चौथ्या वर्षानंतर कधी ना कधी घरातून किंवा सुरक्षित जागेतून निघून जायचा प्रयत्न केला होता. अशा वेळी जीव जाण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे बुडणं. तुमचा मुलगा आजवर कधी गेला नसेल तरी पहिले आठवडे वेगळे. जुन्या घरी जायला म्हणून तो बाहेर पडू शकतो. इमारतीचा पोहण्याचा तलाव, विहीर, तळं, उघडी टाकी पायी किती अंतरावर आहे, हे सामान हलवण्याआधी चालून बघा. दाराला वरच्या बाजूला कडी आणि दार उघडलं की वाजणारी छोटी घंटा बसवा. आगीच्या वेळी मोठ्यांना ती कडी क्षणात उघडता आली पाहिजे. कपड्याच्या आत फोन नंबर शिवा. शेजारच्या दोन-तीन घरांना आणि रखवालदाराला मुलाचा फोटो दाखवून एवढं सांगा: "एकटा दिसला तर हाक मारून थांबणार नाही, सोबत चाला आणि आम्हाला फोन करा." तो हरवलाच तर सगळ्यांनी आधी पाण्याकडे धावायचं, घरात शोधत बसायचं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नवऱ्याने पुढे जाण्यात सोय दिसते, पण मुलाच्या बाजूने बघा: आधी बाबा गेला, मग मावशी गेल्या, मग शाळा, मग घर. चार निरोप. आणि तेवढे महिने तुम्ही एकट्या, दुसरा हात नाही. माझं उत्तर नव्या शाळेत प्रवेशाची जागा मिळते का यावर अवलंबून आहे. नव्या शाळेत जागा पक्की असेल तर तिघं एकदम जा, वर्ष अर्ध्यावर असलं तरी. नसेल, तर नव्या शहरात रिकामं बसण्यापेक्षा जुन्या शाळेत आणखी दोन-तीन महिने बरे, तेवढ्यापुरतंच बाबांनी पुढे जावं. रोज एकाच वेळी, एकाच जागी बसून व्हिडिओ कॉल, आणि बाबा कधी येणार ते कॅलेंडरवर चित्राने. वर्ष संपल्या संपल्या सुट्टीत जाणं अनेकांना सोयीचं वाटतं. मग नव्या घरात सहा आठवडे ना शाळा, ना वेळापत्रक. शाळा उघडायच्या दोन-तीन आठवडे आधी पोचणं पुरतं.

शाळेपेक्षाही पहिले तीन महिने घरची मदत जास्त मोलाची ठरते, आणि लोक तीच शेवटी शोधतात. थेरपिस्ट आठवड्यातून तीन तास भेटेल. दुपार रोज असते. नव्या मदतनिसाची पात्रता विचारा, पण निवड करा ती मोबदला देऊन घेतलेल्या दोन-दोन तासांच्या तीन चाचणी दुपारींवरून. पहिल्या दुपारी तिने फक्त बघायचं, दुसऱ्या दुपारी तुम्ही शेजारी, तिसऱ्या दुपारी तुम्ही दुसऱ्या खोलीत. मुलगा टॅबलेट दाबेपर्यंत ती पाच-सात सेकंद थांबते का? की लगेच "हे हवं का, ते हवं का" सुरू करते? थांबता येणं शिकवायला सगळ्यात अवघड, म्हणून ते आधी बघायचं. ओळखपत्र, आधीच्या दोन घरांना फोन, पोलिस पडताळणीची सोय असेल तर तीही. दोन आठवडे पूर्ण एकटं सोडू नका. शक्य असेल तर एकीऐवजी दोघी, दिवस वाटून. एक आजारी पडली की सगळं कोसळत नाही. जुन्या स्पीच थेरपिस्टबरोबर सहा आठवडे तरी आठवड्याला एक ऑनलाइन सेशन ठेवा, मुलासाठी नव्हे तर तुम्हाला आणि नव्या मदतनिसाला सांगण्यासाठी.

औषधं चालू असतील तर महिना-दीड महिन्याचा साठा आणि औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी सोबत असू द्या. आकडीचं औषध एक दिवसही चुकता कामा नये. देशाबाहेर जाणाऱ्यांनी तिथला नियम बघावा, झोपेचं मेलाटोनिन अमेरिकेत साधं दुकानात मिळतं आणि ब्रिटनमध्ये त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. पोचल्यावर झोप, जेवण, शौच काही आठवडे बिघडेल, ते धरूनच चाला. पण डोकं आपटणं, स्वतःला चावणं असं एकदम सुरू झालं तर "जागा बदलली म्हणून" म्हणून सोडू नका. आधी दात, कान, पोट तपासून घ्या. बद्धकोष्ठ आणि दातदुखी सांगायला त्याच्या टॅबलेटवर चित्र आहे का, हेही बघून घ्या.

मुलाला कधी सांगायचं? महिनाभर आधी सांगितल्यावर काही मुलं महिनाभर झोपत नाहीत. बहुतेकांना दोन-तीन आठवडे पुरतात. नव्या घराचे, शाळेच्या दाराचे, त्याच्या बिछान्याच्या जागेचे खरे फोटो, रोज एक चौकोन खोडायचं कॅलेंडर. त्याच्या वस्तू तो शाळेत असताना बांधू नका. त्याचा खोका सगळ्यात शेवटी बांधायचा, सगळ्यात आधी उघडायचा, आणि चादर न धुता तशीच न्यायची, वास ओळखीचा राहतो.

मावशींबद्दलही त्याच कॅलेंडरवर: शेवटच्या दुपारच्या चौकोनात त्यांचा फोटो, पुढच्या चौकोनांत नाही. शेवटच्या दुपारी वेगळं काही करू नका, रोजचंच करा, जाताना त्यांनी "टाटा" चित्र त्याच्याबरोबर दाबावं. त्या हात धुताना जे म्हणतात, झोपताना जे म्हणतात, ते त्यांच्याच आवाजात आत्ताच रेकॉर्ड करून टॅबलेटवर त्यांच्या फोटोखाली ठेवा. नव्या गावी त्याने ते बटण दिवसातून ४० वेळा दाबलं तरी दाबू द्या. व्हिडिओ कॉलचं वचन मात्र मावशींना आधी विचारूनच द्या, आणि ठरलेला वार पाळणं त्यांना जमणार नसेल तर कॅलेंडरवर कॉलचं चित्र लावूच नका.